घडीवाले उंदिरवाडे

उंदिरवाडे सरांना हसू यायला तीन सेकंद लागायचे. विनोद सांगून झाला, बाकीचे हसून मोकळे झाले, कुणी विषयसुद्धा बदलला, की मग सरांचे खांदे हलायला लागायचे. आणि एकदा हलायला लागले की थांबायचं नाव नाही. स्टाफरूममध्ये नवीन माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्यालाच हसतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं आणि मी दुपारच्या डब्यापर्यंत तोंड फुगवून बसले होते.

मी नागपूरची. आरमोरीजवळच्या आयटीआयमध्ये कंत्राटावर कॉम्प्युटर शिकवायला आले तेव्हा राग माझ्या नाकावर कायमचा मुक्कामाला होता. सर इलेक्ट्रिशियन ट्रेडचे निदेशक, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. बुटका बांधा, खाकी शर्ट, दोन्ही खिसे फुगलेले. एकात टेस्टर, दुसऱ्यात फुटाणे. वर्गात बरोबर उत्तर दिलं की एक फुटाणा मिळायचा. उत्तर चुकलं, पण चूक नवी असली, तर दोन.

"हा कुठला न्याय, सर?" मी विचारलं.

"बरोबर उत्तर पुस्तकात हाये म्याडम. त्याले काय दोन द्याचे?"

सरांच्या तोंडी 'खराब' हा शब्द नव्हता. त्यांच्या लेखी पंखा रुसायचा, मोटर रुसायची, प्राचार्यांच्या केबिनमधला कूलर तर दर उन्हाळ्यात रुसायचा. कुठलंही रुसलेलं यंत्र आलं की सर आधी हात धुवायचे, मग तांब्याभर पाणी प्यायचे आणि मग त्या यंत्रासमोर नुसते बसून राहायचे. प्राचार्य घामाघूम होऊन विचारायचे, काय करून राह्यले? सर म्हणायचे, "ओळख करून राह्यलो." मला हे सगळं ढोंग वाटायचं. पण हा माणूस पेचकस हातात घ्यायचा तेव्हा बहुतेक वेळा एकच स्क्रू काढायचा, आणि तो बरोबर असायचा. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. आयटीआयला पत्त्याच्या डबीएवढे छोटे कॉम्प्युटर आले होते. एकातून तीन तारांवरून दुसऱ्याला निरोप पाठवायचा, एवढा साधा प्रयोग मला मुलांना दाखवायचा होता. पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत दहाबारा ओळी लिहिल्या. पहिल्या मशीननं 'नमस्कार' पाठवला. दुसऱ्याच्या पडद्यावर चौकोन, तिरप्या रेघा आणि उलटं प्रश्नचिन्ह. दोन दिवस झटले. तारा बदलल्या, मशीनं बदलली, मुलांना झापलं, विजेच्या दाबाला नावं ठेवली, शेवटी अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला ठेवली. नाचता येईना, अंगण वाकडं. तिसऱ्या दिवशी सर दारात उभे. हात धुतलेले.

"आधी ह्याले स्वतःचं स्वतःले ऐकू येते का, ते पाहू," सर म्हणाले. त्यांनी पहिल्या मशीनची बोलायची तार काढून त्याच मशीनच्या ऐकायच्या टोकाला लावली. पडद्यावर 'नमस्कार' आला, धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. दुसऱ्या मशीनचंही तसंच केलं. तिथेही स्वच्छ.

"दोघंबी शहाणे हायेत," सर म्हणाले. "म्हनजे भांडन मधातलं हाये."

मग त्यांनी माझ्या दोन्ही प्रोग्रामचे कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बोट एका आकड्यावर टेकवलं. बोलणाऱ्या मशीनला मी हळू वेग दिला होता आणि ऐकणाऱ्याला त्याच्या बारापट. "हा म्हातारा एकेक शब्द सांगून राह्यला, अन् हे पोट्टं भराभरा ऐकून राह्यलं. कसं जमन? हे केलं कोनं?"

"मुलांनी केलं असेल," मी म्हटलं.

सरांनी कागदावर वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं माझं नाव वाचलं. मी मनात मोजलं. एक, दोन, तीन. खांदे हलायला लागले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि माझ्या तळहातावर दोन फुटाणे ठेवले.

दुसऱ्या दिवशी ते शंभर पानी वही घेऊन आले. "मले हे पायथन शिकवा."

पंचावन्न वर्षांचा विद्यार्थी मी आधी पाहिला नव्हता, आणि नंतर तर नाहीच. ते प्रोग्राम आधी वहीत पेनानं लिहायचे. आतल्या ओळी आत सरकवायच्या असतात, हे त्यांना एका मिनिटात कळलं. आधी नागपूरच्या क्लासमध्ये शिकवलेली माझी पोरं महिनाभर तिथेच अडकायची. सर प्रत्येक भागाभोवती चौकोन काढायचे आणि म्हणायचे, ही एक बांधी, तिच्या आत दुसरी बांधी, पानी ह्या बांधीतलं त्या बांधीत जाऊ द्याचं नाई. धानाच्या शेताचे ते तुकडे त्यांनी जन्मभर पाहिलेले. कॉम्प्युटरनं चूक दाखवली की मला संताप यायचा, त्यांना आनंद व्हायचा.

"पाहा ना, किती इमानदार हाये हा! कोनत्या ओळीत चुकलो, ते सांगते. मानूस सांगते का असं?"

हे इमानदारीचं खूळ कुठून आलं, ते मला पावसाळ्यात कळलं. त्यांचं गाव मोहटोला, आयटीआयपासून सायकलच्या अंतरावर. तिथे धान निघालं की शंकरपट भरतो. सरळ आखलेल्या वाटेवर एकेक बैलजोडी छकड्यासह सोडायची. ज्या जोडीला सगळ्यात कमी वेळ लागला, ती जिंकली. त्या पटात बावीस वर्षं सर घडीवाले होते. शेवटच्या रेषेवर स्टूल टाकून बसायचं, हातात घडी, डोळा बैलाच्या छातीवर.

मागच्या पटात मोहटोल्याची जोडी पहिली आली आणि नदीपलीकडच्या सावली गावाकडच्या गोमाजीभाऊची जोडी केसाएवढ्या फरकानं हरली. गोमाजीभाऊ म्हणजे सहा फुटी माणूस. बैलांना पोटच्या पोरांसारखं जपायचा आणि पोटच्या पोरांना बैलांसारखं हाकायचा. त्यानं सरळ माइक हिसकावला. "जोडी मोहटोल्याची, घडीवाला मोहटोल्याचा, मंग आमी नदी उतरून कायले आलो गा? ह्या मास्तरनं गावासाठी बेईमानी केली!"

अख्ख्या पटानं ऐकलं. सरांनी घडी टेबलावर ठेवली आणि पायी घरी निघून आले.

हे सगळं त्यांनी मला एका दमात सांगितलं आणि लगेच पुढची ओळ कशी लिहायची ते विचारलं. मी म्हटलं, सर, तो गोमाजी भैताड आहे, सोडून द्या. तर म्हणाले, "नाई म्याडम. मी गावाले सांगतलं हाये, का यंदा मशीन वेळ मोजन. मानसाचा हातच नाई लागनार. फक्त यंदा कोनी मले बेईमान म्हनू नये. एवढं झालं का मी सुटलो." पटाच्या समितीनं परवानगी दिली ती एका अटीवर. मशीन चाललं तर ठीक. गोंधळ झाला तर उंदिरवाडे मास्तरांनी पुन्हा पटात यायचं नाही. सरांनी ते कागदावर लिहूनही दिलं. मी असते तर त्या समितीला चार शब्द सुनावले असते.

तर आमचा बेत असा होता. सुटायच्या आणि पोचायच्या रेषेवर प्रकाशाचा एकेक झोत. बैलांच्या छातीनं तो तुटला की वेळ पक्की. शेवटच्या रेषेजवळ एक छोटा कॉम्प्युटर ती वेळ मोजणार आणि लांब तारेवरून मंडपातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला कळवणार. दुसरा तो आकडा मोठ्या पाटीवर दिव्यांनी दाखवणार. वेग सरांनी मुद्दाम अगदी कमी ठेवला. "हळू बोलू दे. घाई बैलाले हाये, आकड्याले नाई."

पटाच्या आदल्या सकाळी चाचणी घ्यायची, तर बैल मिळेनात. उद्या पळणारी जोडी आज कोण देणार? सरांनी एक बांबू आणला, त्याचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून मला म्हणाले, "म्याडम, तुमी उजव्या बाजूचा."

देवाशपथ सांगते, मी पळाले. नागपूरची मुलगी, ओढणी कमरेला खोचलेली, खांद्यावर बांबू, शेजारी टेस्टर आणि फुटाणे वाजवत पळणारे उंदिरवाडे सर. बांधावर बसलेल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. सरांच्या घरच्या बाई ओरडल्या, "डाव्या बैलाचे दात पाहून घ्या हो, लय म्हातारा हाये!" पाटीवर आकडा उमटला. एक्केचाळीस सेकंद. स्पष्ट, ठळक, एकही टिंब इकडे तिकडे नाही.

सर धापा टाकत म्हणाले, "हे जोडी विकाले काढा." या वेळी हसायला त्यांना एक सेकंदही लागला नाही.

जाताना त्यांनी मंडपवाल्याला एक सूचना केली. बैल लोंबती तार दिसली की बिचकतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. लाउडस्पीकरची तार आधीच बांबूंवरून गेलेली होती. आमची तार तिच्यावरच पिळून, वरून कापडी पट्टी गुंडाळून टाकायला त्यांनी सांगितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंडपवाल्यानं काम इतकं सफाईनं केलं, की दोन तारा आहेत हे शोधूनही दिसेना. सर खूश झाले, आणि तेव्हा मीही झाले.

पटाच्या दिवशी मंडपात पुंडलिकभाऊ माइकवर बसले होते. हे झाडीपट्टीच्या नाटकांतले नामांकित खलनायक. पानभर संवाद एका श्वासात म्हणायचे आणि त्यावर टाळ्या घ्यायचे. पटातही त्यांचं तेच. जोडी सुटली की त्यांनी जो सूर धरायचा, तो पोचून धूळ बसेपर्यंत. पहिली जोडी सुटली. "आली आली आली, वाऱ्याची लेक आली, वैनगंगेचा पूर आला..." जोडी पोचली. सगळ्यांनी पाटीकडे पाहिलं.

पाटीवर अर्धा आठ, एक उलटा सात आणि शेपटीसारखं काहीतरी.

"मास्तर, सिरोंच्याहून आनलं का मशीन? तेलगू लिहून राह्यलं!" कुणीतरी ओरडलं आणि मंडप हसून आडवा झाला. दुसऱ्या जोडीला आकडा नीट आला. तिसरीला पुन्हा शेपट्या. मी उगाच तारांची टोकं दाबून बघत होते. सरांचा चेहरा मी पाहिला नाही, पाहायची हिंमतच नव्हती.

मग मोहटोल्याची जोडी सुटली. आणि पाटीवर आकडा आला, स्वच्छ, सुंदर: ८.१२. त्या दिवसातला सगळ्यात कमी वेळ. गाव नाचायला लागलं. पोरांनी गमछे हवेत उडवले, पुंडलिकभाऊंनी तर आनंदानं नुसती आरोळी ठोकली. माझ्याही जिवात जीव आला. मी सरांकडे वळले तर सर जागेवर नाहीत. ते माइकपाशी होते.

"हा आकडा खोटा हाये," सर म्हणाले. लाउडस्पीकरमधून ते नदीपर्यंत गेलं असेल. "हे जोडी मी डोर्‍यानं पाह्यली. आठची नाई. नऊच्या वर हाये. आकडा लिहू नका."

नाचणाऱ्यांचे पाय तिथल्या तिथे थांबले. मग एकदम कल्लोळ. "सर, येडे झाले का?" "आपलीच जोडी हाये ना गा!" "मागं गोमाजी बेईमान म्हने, आता गावबी म्हनन!" बायकांच्या बाजूनं सरांच्या घरच्यांचा आवाज आला, "आता बोरिंगवर पानी कोन भरू देते मले!" आणि गोमाजीभाऊ दोन्ही हात कमरेवर ठेवून सरांकडे बघत होता, डोळे बारीक करून.

समितीच्या अध्यक्षांनी हात वर केला. "एक चहा होईपर्यंत वेळ देतो. नाई जमलं तर मशीन उचला अन् घरी जा. कागद लिहून दिला हाये तुमी."

सरांनी काय केलं असेल? हात धुतले! मंडपामागच्या ड्रमवर, सावकाश, कोपरापर्यंत. मग पाणी प्याले. मग येऊन मशीनसमोर बसले. मी दात ओठ खात होते. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

"आधी खरा आकडा आना," ते म्हणाले. शेवटच्या रेषेजवळचा कॉम्प्युटर प्रत्येक वेळ स्वतःजवळ लिहूनही ठेवायचा. मी निघाले, तर गोमाजीभाऊ सोबत आला. "मी माह्या डोर्‍यानं पाहातो. तुमचा भरोसा नाई." तिथे त्यानं स्वतः वाकून, बोट ठेवून वाचलं. ९.१२. पुढे फक्त नऊच्या आतल्या जोड्या जायच्या, म्हणजे मोहटोल्याची जोडी सरळ अंतिम फेरीबाहेर. गोमाजीभाऊनं तो आकडा पुन्हा एकदा वाचला आणि मग परत फिरला.

म्हणजे मोजणारं मशीन खरं बोलत होतं आणि ऐकणारं भलतंच ऐकत होतं. नऊचा आठ व्हायला या मशीनांच्या बोलीत एक ठिपका चुकला तरी पुरतो. दोघांची आपापली चाचणी घेतली, दोघंही ठीक. वेग सारखाच. तारा घट्ट. शेवटी सर म्हणाले, "त्याले एकच गोष्ट बोलाले लावा. सेकंदाले एकदा. अन् आलं तसं छापा, काही सजवू नका." मी पायथनमध्ये तसं लिहिलं. पडद्यावर ओळी पडायला लागल्या. एकदोनतीनचारपाच. एकदोनतीनचारपाच. मग कचरा, कचरा, कचरा. मग पुन्हा एकदोनतीनचारपाच.

सर पडद्याकडे बघतच नव्हते. डोळे मिटून, मान तिरपी करून बसले होते. मंडपात पुंडलिकभाऊ चहाच्या सुट्टीची शोभा वाढवत होते, "कोनाची एक चप्पल सापडली हाये, डाव्या पायाची, अंगठा तुटलेला..."

"आता कचरा हाये का?" सरांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"हो."

पुंडलिकभाऊ चहाचा घोट घ्यायला थांबले.

"आता साफ."

"हो! सर, तुम्हाला कसं..."

सर ताडकन उठले. "पुंडलिकभाऊ, चूप!" ओळी स्वच्छ. "बोला!" कचरा. "चूप!" स्वच्छ. "बोला!" कचरा. मी उभी राहून ओरडून सांगत होते, साफ, कचरा, साफ, कचरा. मंडपाला एवढी मजा वाटली की सगळेच सरांच्या हाताबरोबर ओरडायला लागले. बोला! चूप! बोला! चूप! पुंडलिकभाऊंना आधी कळेना आपण काय गुन्हा केला. कळलं तेव्हा ते भयंकर दुखावले.

"म्हनजे खराबी मी हाव?"

"तुमचा आवाज आमच्या तारीत शिरून राह्यला, भाऊ," सर म्हणाले. "दोन तारी एकमेकीले पिळून बांधल्या. कोनं सांगतलं होतं? म्या सांगतलं होतं. बैलाचा इचार केला, आवाजाचा केला नाई." हे त्यांनी मुद्दाम माइकमध्ये सांगितलं. माझी असती तर मी ही चूक मंडपवाल्याच्या गळ्यात मारली असती.

तार सोडवायला दिवस गेला असता. मी म्हटलं, जोडी पळताना पुंडलिकभाऊंनी गप्प बसावं. तर अध्यक्षच उसळले, "पट हाये का मयत हाये?" सगळा मंडप त्यांच्या बाजूनं. सरांनी वही उघडली, एक बांधी आखली आणि मला सांगत गेले. आकड्यामागं त्याच आकड्यांची बेरीज जोडायची. नऊ, एक, दोन, बेरीज बारा. ऐकणाऱ्यानं आधी बेरीज करून बघायची. जुळली तर दाखवायचं. नाही जुळली तर पाटी कोरी ठेवायची, तोंड उघडायचं नाही. आणि बोलणाऱ्यानं तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं.

"पण पुंडलिकभाऊ बोलतच राहिले तर निरोप पोचणार कधी?" मी विचारलं.

"म्याडम," सर म्हणाले, "मानूस श्वास तं घेईन ना?"

चहा संपायच्या आत मी ते लिहिलं. आयुष्यात इतक्या वेगानं आणि इतक्या कमी चुका करून मी कधीच काही लिहिलेलं नाही. आणि चाललं. जोडी पोचायची, पुंडलिकभाऊ गर्जायचे, पाटी काळी. मग ते दम घ्यायला थांबायचे आणि त्या फटीत आकडा लखकन उमटायचा. लोकांना खेळच सापडला. जोडीवर पैज राहिली बाजूला, आता पुंडलिकभाऊंच्या श्वासावर लागायला लागली.

अंतिम फेरीत कुरखेड्याच्या जोडीचे ८.६१ झाले. शेवटची जोडी गोमाजीभाऊची. सुटली ती अशी, की मी पायथन, तारा, सगळं विसरून बाकावर चढले. जोडी पोचली आणि पुंडलिकभाऊंनी सूर धरला, "सावलीचा वाघ आला, काळजाचा ठोका चुकला, धरती हालली, आभाय फाटलं..." थांबेचना! अपमानाचा वचपा काढत होते की खरंच रंगले होते, कोण जाणे. पाटी काळी. गोमाजीभाऊ पाटीखाली उभा, मान वर. पुंडलिकभाऊंचा चेहरा लाल, मग जांभळा. अख्खा पट ओरडतोय, "श्वास घ्या गा! पुंडलिकभाऊ, श्वास घ्या!" सर हात जोडून उभे. शेवटी पुंडलिकभाऊंची छाती भात्यासारखी फुगली.

८.६४.

तीन शतांश सेकंदांनी गोमाजीभाऊ हरला होता. कुरखेड्याचे लोक नाचत होते, पुंडलिकभाऊंना कुणीतरी पाणी पाजत होतं. गोमाजीभाऊनं पाटीकडे बराच वेळ पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं, बैलांच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेला.

"काही बोलला का?" सरांनी मला विचारलं.

"नाही."

"म्हनजे मानलं नाई त्यानं."

मी म्हटलं, सर, अख्ख्या पटानं मानलं, अध्यक्षांनी नारळ देऊन सत्कार केला, एक माणूस गेला खड्ड्यात! पण त्यांना तो एकच माणूस हवा होता. पुढचे पंधरा दिवस त्यांनी फुटाणेही वाटले नाहीत. मोहटोल्यातली अर्धी माणसं जोडी बाहेर घालवली म्हणून बोलत नव्हती, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांच्या घरच्या मात्र मला भेटल्या की सांगायच्या, बोरिंगवर नंबर शेवटी लागते.

मग एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना एक मोटारसायकल थेट वर्कशॉपच्या दारापर्यंत आली. गोमाजीभाऊ. सर टेबलाशी बसून मुलांना तार डागून दाखवत होते. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली डागायची तापलेली कांडी तशीच धरून उभे राहिले.

"मास्तर, उद्या आमच्या गावचा पट हाये," गोमाजीभाऊ दारातूनच म्हणाला. "घडीवर तुमी बसा."

सरांचा चेहरा उजळला. "बसतो ना! आता तार अलग बांधतो, पुंडलिक कितीबी ओरडो. म्याडम, तो मशीनचा डबा काढा जरा, अन् पाटीची..."

"मशीन राहू द्या. तुमी या."

सरांना कळलंच नाही. "मंग वेळ कोन मोजन?"

"तुमीच मोजा ना गा. पह्यले मोजत होते तशी."

सरांनी खाली पाहत, हळूच विचारलं, "अन् माह्या घडीनं तुमची जोडी हारली तं?"

गोमाजीभाऊनं गमछ्यानं तोंड पुसलं. "हारली तं हारली," तो म्हणाला. "बसा मागं."

सर बसले. वर्ग कुणावर सोपवला नाही, रजेचा अर्ज नाही, प्राचार्यांना सांगणं नाही. तापलेली कांडी टेबलावरच राहिली. ती बंद केल्याशिवाय मुलांना जागचं हलू न देणारा हा माणूस! मी बटण बंद केलं आणि मुलांना म्हटलं, धूर गेलाय डोळ्यांत, कुणी काही विचारू नका. खोटं बोलले. चांगली रडत होते.

सर परतायच्या आत माझं इथलं कंत्राट संपलं आणि मी चंद्रपूरला रुजू झाले, म्हणून सरांचं मला शेवटचं दिसलेलं ते एवढंच. मोटारसायकल फाटकातून सावलीच्या रस्त्याला वळली तेव्हा सर मागे बसून एका हातानं गोमाजीभाऊचा खांदा धरून होते, दुसऱ्या हातानं हवेत काहीतरी मोजून दाखवत होते, आणि गोमाजीभाऊ पुढे बघत गाडी चालवायची सोडून मान मागे वळवून ते ऐकत होता.